पाठीला पाठ

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज पाच वेळा. त्यातल्या तीन जंगलात. रक्त होतं, पण मागच्या आठवड्याएवढं नाही.

कसली नोकरी माझी! वाटेत जनावराची विष्ठा दिसली की बसायचं, काडीनं उलटवायची, केस बघायचे, हाडाचा चुरा बघायचा, पाकिटात भरून वर तारीख आणि जागा लिहायची. वाघाची निघाली तर साहेब खूश. आणि स्वतःची मात्र पाल्याखाली लपवायची! हर्षा दुर्गे, वनरक्षक — वाघाचं पोट समजतं, स्वतःचं समजत नाही. दोन वर्षं झाली. मोठ्या आतड्याला जखमा, सूज. डॉक्टर म्हणाले होते, बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आजार आहे. सांभाळून राहिली बाप्पा, अजून काय करू.

३ डिसेंबर

पोट घड्याळासारखं चालतं. नाक्यावरून साडेसहाला निघालो की साडेसातला कोरड्या नाल्यापाशी कळ येतेच. मग सुकलूभाऊंना थांबवायचं.

सुकलूभाऊ माझे वनमजूर. साठीला टेकलेले, याच जंगलात जन्मलेले. पहिल्यांदा थांबवलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, “बाई, जंगलात एकट्यानं बसाचं नाई. पाठीला पाठ लावाची. आमी गुराखी पोट्टे असेच बसत होतो. एकाचे डोळे इकडं, एकाचे तिकडं. जनावर मांगूनच येते.”

पाठीला पाठ! अवो, माझ्या पोटाचे आवाज ऐकले असते तर ते पळून गेले असते. वास वेगळाच. मी म्हटलं, भाऊ, दहा पावलं लांब उभे राहा. मग वीस झाली. आता तीस. ते नाल्याच्या पलीकडच्या काठावर, मी अलीकडे. ते तिकडं तोंड करून, मी इकडं. आणि शपथ घातली आहे — मी “चला भाऊ” म्हणेपर्यंत मान वळवायची नाही. बिचारे वळवत नाहीत. बापासारखा माणूस.

५ डिसेंबर

शेजारच्या बीटचा वनरक्षक विक्की आज लाकूड डेपोत सगळ्यांसमोर म्हणाला, “बाईले बीट कायले पायजे? डेपोत बसवा, लाकडं मोजू द्या.” सगळे हसले. मीही हसले.

याच्यासाठीच आजाराचं सांगत नाही. या गड्याला एकदा कळलं ना, की दुसऱ्याच दिवशी माझं बीट, माझ्या गस्तीचं जंगल, गेलं. तालुक्यात बीटवर मी एकटी बाई. चालण्याच्या परीक्षेत पाय सोलून निघाले होते तेव्हा कुठे हे मिळालं. मेडिकल बोर्ड, मग टेबल, मग जन्मभर “ती पोटाची बाई”. नाही. मेले तरी नाही.

६ डिसेंबर

पांढरी साडी नेसून नाक्यावर बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. सुकलूभाऊही हात जोडून उभे राहिले. पोट आज गुमान होतं.

९ डिसेंबर

वाईट दिवस. आठ वेळा. दोन दिवस रजा टाकली, चंद्रपूरला जाते. रजेचं कारण — आईची तब्येत. आईला फोनवर सांगितलं तर ती कडाडली, “माझी तब्येत कायले खराब करून राह्यली? स्वतःची सांग ना साहेबाले!”

११ डिसेंबर, चंद्रपूर

गोळ्या वाढवल्या. डॉक्टर म्हणतात, भूक फार लागेल, झोप उडेल, कधी भासही होतात, घाबरू नका. आणि ताण घेऊ नका!  आईनं गुरगुट्या भात खाऊ घातला. उद्या पहिल्या बसनं परत. सकाळपासून काही खायचं नाही, म्हणजे बस थांबवायला लागणार नाही.

१२ डिसेंबर

दुपारपासून बीटवर. नाल्यापाशी वेळ चुकली नाही, फक्त सकाळच्या जागी दुपार.

१३ डिसेंबर

सकाळी दव भरपूर. सागाचा पाला एवढा ओला की पाऊल टाकलं तरी आवाज नाही. कळ आली की मी डोळे मिटून, डोकं गुडघ्यावर टेकवून बसते. आज तशी बसले असताना मानेवर कोणीतरी बघतंय असं वाटलं. वळून बघितलं तर काठ, त्याच्यावर गवत, पार पलीकडे सुकलूभाऊंची पाठ. गोळ्यांचा भास. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

१४ डिसेंबर

आज परत.

१६ डिसेंबर



नाल्यावरून पुढे निघालो. थोडं चालल्यावर सुकलूभाऊ हळूच म्हणाले, “बाई, एक बोलू का? तुमी झालं का सांगत नाई, अन मांगं येऊन उभ्या राह्यता. मंग परत जाता. काऊन?”

मी म्हटलं, “मी? मी कुठी आली?”

“आल्या होत्या ना जी. एकदम जवळ. श्वास आयकला मी तुमचा. मोठा मोठा. वाटलं, बाईले दम लागला.”

“मग वळून नाही बघितलं?”

“तुमी शपथ घातली होती ना.”

मी मागं वळून नाल्याकडे बघितलं. मग राग आला, त्यांच्यावर, कशाचा ते माहीत नाही. म्हटलं, भाऊ, मी जागेवरून हललेही नाही, तुम्हाला आता कमी ऐकू येतं. ते काठी टेकत पुढे निघाले.  बोलायला नको होतं मी असं.

१७ डिसेंबर

नाल्याची वाळू तपासली. वाळूत काहीच नाही. पण वाळू आहेच किती! हातभर पट्टा, बाकी सगळा पाला साचलेला. पाल्यात पाऊल उमटत नाही. बिबट असता तर कुत्र्यामागे टोल्यावर, वस्तीत गेला असता, तशी काही खबर नाही. वाघीण या बीटात आहे हे सगळ्यांना माहीत, पण ती तळ्याच्या अंगाला. परवाच तिची विष्ठा तिकडून भरली मी.

वानरं ओरडली नाहीत, भेकर ओरडलं नाही. जनावर असतं तर कोणीतरी ओरडलं असतं ना?

१९ डिसेंबर

सुकलूभाऊ गुणगुणतात, मी बसलेली असताना. त्यांचं गोंडी गाणं, एकच ओळ, घोळून घोळून. म्हणजे मला कळावं ते कुठे आहेत. आज मधेच थांबले. मी डोळे मिटलेलेच. विचार केला, म्हणावं का “चला भाऊ”. पण कळ संपली नव्हती. मोजत राहिले. चाळीसपर्यंत मोजलं, मग गाणं परत सुरू झालं.

नंतर विचारलं, काऊन थांबले होते? म्हणाले, “तुमी आल्या म्हणून.”

 त्यांना अजून वाटतं, मीच येते. मीच येऊन त्यांच्या मागं उभी राहते, आणि लाजेनं कबूल करत नाही! माय वो, मला रडू आलं. त्या माणसाचं मन केवढं, आणि मी त्याला बहिरा म्हटलं.

२० डिसेंबर

नाल्यापाशी भाताचा वास. शिजत्या भाताचा. वाघ हद्द आखायला झाडांवर मुताचा फवारा मारतो, त्याला असाच वास येतो, प्रशिक्षणात शिकवलेलं. पण मला हल्ली सगळीकडेच भाताचा वास येतो, गोळ्यांनी भूक पेटली आहे. सुकलूभाऊंना विचारलं. “येते ना जी. कोणी भात मांडला काय इथी?” मग आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता भरभर चालायला लागलो. जुना फवारा असेल. असेलच.

२१ डिसेंबर

म्हटलं, भाऊ, उद्यापासून वीस पावलं. ते म्हणाले, “पाठीला पाठ लावा ना बाई, मी कान बंद करतो.” हसले. मीही हसले. पण नाही म्हटलं. तेवढं नाही जमत मला. मरण परवडलं, पण तसं बसणं नाही.

२४ डिसेंबर

मेले मी!

विक्की सहज बोलून गेला. “त्या कोरड्या नाल्यावर कॅमेरा लावला होता, तुमी रजेवर होत्या तवा. दोन तारखेले कार्ड काढू, रेंज ऑफिसात सगळे मिळून पाहू.” चहा पीत पीत!

नाल्याच्या तोंडाशी, झाडाला, खाली बांधलेला, खोडाच्याच रंगाचा, म्हणून दिसला नाही मला. कोणी समोरून गेलं की आपोआप फोटो. म्हणजे बारा तारखेपासून रोज मी. उघडी. आणि ते सगळे, विक्की, डेपोतले, साहेब, मोठ्या पडद्यावर बघणार. दोन घास उतरले नाहीत. 

२५ डिसेंबर

आता दुसऱ्या वाटेनं जातो. सुकलूभाऊंनी कारण विचारलं नाही.

२८ डिसेंबर

रेंजर धनराज साहेबांना फोन केला. म्हटलं, नाल्याचं कार्ड मीच काढून आणते साहेब, माझ्याच बीटात आहे. म्हणाले, आणा. आवाजात संशय नव्हता. कार्ड हातात आलं की आधी माझे फोटो पुसायचे. बाकीचे द्यायचे. कुणाचं काय बिघडलं? सरकारी पुरावा पुसणं गुन्हा आहे हे माहीत आहे मला. तरी पुसणार.

२ जानेवारी २०२५

कार्ड काढलं. दुपारी नाक्याचं दार आतून लावून लॅपटॉपवर उघडलं.

पहिला फोटो आला आणि मी लगेच उजव्या अर्ध्यावर तळहात ठेवला. तिकडे मी होते. स्वतःकडे बघवत नव्हतं. डाव्या अर्ध्यात पलीकडचा काठ, सुकलूभाऊंची पाठ, हातात काठी. पुढचा. पुढचा. तीच पाठ. पुसायला सुरुवात करणार, तेवढ्यात तेरा तारखेचा फोटो आला.

आमच्या दोघांच्या मधात, नाल्यात, वाघीण बसली होती.

झोपलेली नाही, दबा धरून नाही. बसलेली. घरच्या मांजरीसारखी. तोंड सुकलूभाऊंकडे. ते तिकडं बघून राह्यले, मी इकडं, आणि ती मधात — जिथे दोघांचेही डोळे नाहीत. तीस पावलं मीच केली होती. ती जागा तिला मीच दिली होती.

चौदाला थोडी पुढे. सोळाला तिचं नाक त्यांच्या पाठीपासून हातभर. त्यांची मान ताठ. वळली नाही. माझी शपथ पाळत उभा आहे माणूस! एकोणीसला, वीसला, परत. रोज थोडी जास्त वेळ. एकदा जरी ते दचकून पळाले असते तर —

तरी उजव्या बाजूवरून हात काढला नाही मी.

एकही फोटो पुसला नाही. हे पुसले तर तिकडं उद्या गुराखी जातील, पुढं मोहफुलं वेचणारे जातील, कोणाला काय कळणार? सुकलूभाऊंना बोलावून दाखवलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग एवढंच म्हणाले, “म्हंजे तुमी नव्हत्या.” आणि खाली बसले.

३ जानेवारी

रेंज ऑफिसात गेले. धनराज साहेबांना एका दमात सगळं सांगितलं — आजार, रक्त, दोन वर्षं, आईच्या नावाची खोटी रजा. विक्की दारात उभा होता, त्याच्यासमोर. मग फोटो लावला, उजव्या अर्ध्यावर हात ठेवून.

साहेब वाघिणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हात काढा बाई.”

“नाही साहेब. तिकडे मी आहे.”

“तुमच्यासाठी नाही म्हणत. हिच्याबरोबर हिचं पिल्लू असतं, आता मोठं झालेलं. ते कुठं आहे?”

हात काढला. मी डोळे मिटून, डोकं गुडघ्यावर टेकवून बसलेली. माझ्या समोर, दोन हातांवर, घाणेरीच्या जाळीत त्याचं तोंड होतं. साहेबांनी पुढचा फोटो लावला, मग पुढचा. प्रत्येक सकाळी होतं.