सिस्टीम व्यवस्थित आहे

३ जून, सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहिणार. कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही, हे कुठंतरी लेखी असावं.
मामाच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या ऑफिसात पाच महिने झाले. हुद्दा अजून ठरायचाय. मामा ओळख करून देताना 'बहिणीचा मुलगा' एवढंच म्हणतो आणि सुस्कारा सोडतो.
समोरच्या टेबलावर ती. ऑपरेटर. दिवसाला नव्वद फोन. मान वर करायची सोय नाही. फुरसत मिळाली तर ती माझ्याकडेच बघेल. ऑफिसात दुसरं बघण्यासारखं आहे काय?
निश्चय: तिला फोनच्या तावडीतून सोडवायचं.

५ जून
व्हॉइसमेल! आपलं फोनचं मशीन जुनंपुराणं आहे, बाहेरच्या दोन लाइनी, आत आठ एक्स्टेन्शन. पण त्याला एक डबा जोडता येतो. फोन आला की डबाच बोलतो, डबाच निरोप घेतो.
मामाला पटवलं. त्यानं एकच विचारलं, डबा पगार मागतो का? मी हसलो. मामा हसला नाही.
तिला सांगितलं. म्हणाली, मग मी काय करायचं? म्हटलं, आराम. तिचा चेहराच उतरला. घरी बाबा अंथरुणाला खिळलेत, या नोकरीवर घर चालतं, मला आराम नको, म्हणाली. संकोची आहे बिचारी.

१० जून
डब्याला एक रिकामं एक्स्टेन्शन लागतं. आठही भरलेली. स्टोअरवाला नाही म्हणाला. अकाउंटंट म्हणाला, माझी लाइन गेली तर मीही गेलो. मेस्त्री म्हणाला, माझ्या वायरला हात लाव, तुला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवतो आणि वर लिफ्ट सोडतो. माझं डोकं फिरलं. स्टेपलर फेकून मारला. कॅलेंडरला लागला.
मामाच्या बाथरूममध्ये एक फोन आहे. तो मागितला. म्हणाला, तिथंच मला धंद्याचं सुचतं.
एकजात आप्पलपोटे.

११ जून
सुटलं कोडं. तिचीच लाइन काढली. फोन डबा घेणार, मग तिला लाइन कशाला? टेबल बोडकं दिसू नये म्हणून फोन तसाच ठेवलाय. वायर टेबलाच्या पायाशी गुंडाळून ठेवली, सुबक. असलं काम शिकून येत नाही. ते रक्तात असावं लागतं.

१२ जून
तिच्या आवाजात रेकॉर्डिंग. 'नमस्कार, आपला निरोप सांगा, आमचा माणूस लगेच येईल.' एकोणीस वेळा म्हणून घेतलं. दुसऱ्या वेळचंच उत्तम झालं होतं. बोललो नाही.
निरोप ऐकायचा कोड फक्त मला ठाऊक. तिची जन्मतारीख! ती हजेरीच्या फाइलमध्ये मिळाली.
निश्चय: दर अर्ध्या तासाला निरोप ऐकायचे. घड्याळ लावून.

१४ जून
दोनदा ऐकले. घड्याळाचा सेल गेलाय.

१७ जून
एकदा. निश्चय कायम आहे.
तिला आता फुरसतच फुरसत. त्या फुरसतीत ती मेस्त्रीची तक्रारवही नव्यानं लिहून देते. माझ्याकडे बघत नाही. लाजते.
जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून आली! म्हणाली, वायर परत लावा, नाहीतर काढलीय एवढं तरी मालकांना सांगा. म्हटलं, योग्य वेळी सांगतो. कधी, म्हणाली. किती ती ओढ.

१९ जून, दुपारी ३
तिच्यावर कविता. तीन ओळी झाल्या, चौथी अडलीय. ऑफिसात एकही फोन वाजत नाही. ही शांतता मी तिला दिली.
निरोप उद्या ऐकेन. कविता आधी.

२० जून
काल एक दाताचे डॉक्टर आपल्या देखभालीतल्या एका इमारतीत लिफ्टमध्ये अडकले. पावणेदोन तास. आपल्या नंबरवर सात निरोप ठेवले. आज ऐकले. पहिला सभ्य. तिसऱ्यात मामाच्या आईचा उद्धार, म्हणजे माझ्या आजीचाच. सहाव्यात बायकोसाठी चार शब्द. सातव्यात फक्त धाप. रेकॉर्डिंग मात्र एक नंबर, धाप अगदी स्पष्ट.
त्या नऊ मजली इमारतीचं काम गेलं. मामानं सगळ्यांना आत बोलावलं. तिला म्हणाला, फोन नाकासमोर आणि उचलायला होत नाही? ती म्हणाली, डबा लागल्यापासून माझा फोन वाजतच नाही, यांना विचारा. मामा माझ्याकडे वळला. काय रे?
मी म्हटलं, सिस्टीम व्यवस्थित आहे.
ते खरंच होतं. शब्दन् शब्द.
मेस्त्री मधेच उसळला, मालक, त्या पोराला विचारा वायर कुठं गेली! मामा म्हणाला, तुम्ही लिफ्टचं बघा. मेस्त्रीनं पुन्हा तेच सांगितलं. मामानं खोलीबाहेर काढलं त्याला.
तिला उद्यापासून येऊ नको म्हणाला.
मी भांडलो असतो. पण भरल्या खोलीत आपल्या माणसासाठी भांडलं की तिचीच बदनामी होते. जाताना तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. दोनदा!

२१ जून
मामाला खरं सांगायचं ठरवलं. त्याला ॲसिडिटी होती.

२४ जून
मामा बाथरूममध्ये होता.

२७ जून, संध्याकाळ
तिच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं, मग मागणी घालायची, असा क्रम ठरवला होता. शर्ट इस्त्रीचा.
दार तिच्या आईनं उघडलं. कोण, म्हणाल्या. तोंडातून निघालं, मेस्त्रींनी पाठवलंय.
एकदम हात धरून आत नेलं. खुर्ची पुसली. आतल्या खाटेवरून तिच्या बाबांनी हात जोडले. आई म्हणाल्या, देवमाणूस हो तुमचे मेस्त्री, सगळ्यांदेखत एकटेच बोलले, आणि दवाखान्यात शब्द टाकून तिला फोनवर चिकटवलीसुद्धा, आजच पहिला दिवस. चहा ठेवला. नको म्हणता येईना.
मग म्हणाल्या, मालकाच्या कुणा भाच्यानं म्हणे वायर काढली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. तिनं दोनदा बघितलं त्याच्याकडे, आता तरी बोलेल म्हणून. एवढं मन कसं मेलेलं असतं हो? तुम्ही ओळखता का त्याला?
म्हटलं, तोंडओळख आहे.
चहात साखर जास्त होती. सगळा प्यालो.