लंडनहून आणलेली काजळी

वॉकली, शेफील्ड
बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. सौ. वन्सं यांना बेरिलचा वाकून नमस्कार (बाजारातून ही चढण चढून आल्यावर माणूस तसाही वाकलेलाच असतो).

तुमचा गुडघा कसा आहे? हॅरोगेटची हवा त्याला मानवते असं तुम्ही लिहिलंत. मानवणारच, तिकडे रस्ते सपाट. इथे पाव आणायचा तर आधी डोंगर उतरायचा आणि मग पाव घेऊन तोच डोंगर चढायचा, त्यामुळे आमचे गुडघे कुरकुर करायच्या भानगडीत पडत नाहीत. डॉक्टरसाहेबांना नमस्कार सांगा. त्यांनी बसवून दिलेली कवळी उत्तम आहे, फक्त चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना जरा शीळ वाजते.

पत्र लिहिण्यास कारण असं की, येत्या रविवारी रात्री टीव्हीवर आपल्या गल्लीचा सिनेमा आहे. ज्या घरात तुमचा जन्म झाला ते घर त्यात आहे, आणि त्या घराच्या पायरीवर मी आहे. पत्ते खेळायला येणाऱ्या तुमच्या त्या मैत्रिणींना खुशाल बोलवा. (आपल्या शहराचं नाव काढलं की ज्या नाकाला रुमाल लावतात, त्यांना तर आधी बोलवा.)

ही सिनेमावाली मंडळी आली ईस्टरच्या सुमारास. आपली गल्ली म्हणे 'अस्सल' राहिली आहे, म्हणजे नगरपालिकेने तीस वर्षांत इथे काही दुरुस्त केलेलं नाही. गोष्ट जुन्या काळातली, तुम्ही आणि तुमचे भाऊ लहान होतात तेव्हाची. आपल्या शहरावरचे सिनेमे कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कारखाना बंद पडलेला असतो नाही तर पडणार असतो, आई स्वयंपाकघरात रडते, बाप दारू पिऊन भिंतीला डोकं टेकतो, आणि पाऊस काही केल्या थांबत नाही. नेमकं त्या आठवड्यात लख्ख ऊन पडलं आणि दिग्दर्शक रडकुंडीला आला. शेवटी त्याने पाण्याची गाडी मागवून पाऊस पाडला. पलीकडच्या गल्लीत लोक बनियनवर ऊन खात बसलेले आणि आमच्याकडे धो धो. पोलादाचे कारखाने गेल्यापासून या शहरात दुःखाचंच उत्पादन होतं, आणि तेही लंडनची माणसं येऊन करतात.

पण पाऊस परवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रममधून काजळी आणली. वन्सं, काजळी! जिच्यापायी सासूबाईंनी वारा बघितल्याशिवाय दोरीवर कधी चादर टाकली नाही, जी आपल्याला आयुष्यभर फुकट मिळाली, ती आता लंडनहून ड्रममध्ये भरून आली होती. (खरी नव्हतीच. रंगात कालवलेली माती. खऱ्या काजळीला एक वास असतो, पण ते त्यांना सांगणार कोण?) ती त्यांनी पंपाने भिंतींवर मारली, खिडक्यांच्या कठड्यांवर मारली आणि पायऱ्यांवर मारली. आपल्या पायरीवरसुद्धा.

तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका एनिडच्या स्वयंपाकघरात जमल्या. एनिड म्हणजे तुमची शाळेतली मैत्रीणच, तिच्याबद्दल मी काय सांगायचं? एवढंच सांगते की तुम्ही लग्न होऊन गेलात, ती मात्र अजून आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती म्हणाली, "हे बघा, शूटिंग संपेपर्यंत कुणीही फडकं लावायचं नाही. पुसायची तर सगळ्यांनी, नाही तर कुणीच नाही. एकीची चकचकीत दिसली तर बाकीच्यांची अब्रू गेली." बोलणं रास्त होतं. मीही चहाच्या कपावर हात ठेवून शपथ घेतली.

आता ऐका. दोन दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला म्हणून पुढचं दार उघडलं, तर पायरी माझ्याकडे बघत होती आणि मागून भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई बघत होत्या. (तो फोटो तुम्हाला माहीत आहे. त्यात त्या कुणाकडे बघत नाहीत असं एकही ठिकाण घरात नाही.) मी फक्त डावा कोपरा पुसायला गेले. शपथेवर सांगते, एवढासा कोपरा. पण कोपरा स्वच्छ झाला की उरलेली पायरी किती घाण दिसते हे तुम्हाला मी सांगायला नको. मग पायरी झाली, मग कठडा झाला, मग दाराची पितळी मूठ.

तेवढ्यात शूटिंगवाले आले. काल जे जसं होतं ते आज तसंच आहे ना हे बघायला त्यांच्यात एक मुलगी असते. तिने पायरी बघितली आणि तिथेच फुटपाथवर बसली. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण दिग्दर्शक आला, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सुंदर! सगळी गल्ली काळीकुट्ट, आणि त्यात एक बाई हट्टाने घासते आहे. आजी, पुन्हा करा." मग त्यांनी पायरी काळी केली, मी घासली. पुन्हा काळी केली, पुन्हा घासली. दुपार होईपर्यंत हेच. मध्येच म्हणतो, "जरा दुःखी होऊन घासा." मी म्हटलं, "बाळा, पायरी घासताना कुणी दुःखी होत नाही. राग येतो." त्याने ते मुकाट्याने लिहून घेतलं.

एनिडने हे सगळं तिच्या खिडकीतून बघितलं. संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "अभिनंदन हो राणीसरकार. आता सगळ्या देशाला कळेल, या गल्लीत स्वच्छ घर एकच." आणि दार लावून घेतलं. लावेना का! कलावंताचा हेवा जगाने नेहमीच केला आहे. मला काडीचाही फरक पडलेला नाही. उलट घरात कशी छान शांतता आहे.

तेव्हा रविवारी न चुकता बघा. सासूबाईंची पायरी सगळा देश बघणार आहे.

तुमची
बेरिल

ता. क. : एक लहानसं काम होतं, घाई नाही. जमलं तर आजच एनिडला फोन करा. तुमच्या शब्दाबाहेर ती शाळेतही नव्हती. तुम्हाला आठवतं का, सकाळी आमच्या भिंतीवर चुलीच्या सळईचे दोन ठोके पडायचे? म्हणजे किटली ठेवली आहे, ये. तुमचे भाऊ गेले त्या आठवड्यातसुद्धा ते चुकले नाहीत. ईस्टरपासून भिंत गप्प आहे. किटली अजून मी दोघींच्याच मापाने भरते आणि अर्धा चहा मोरीत ओतते. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका.

दुसरी ता. क. : पत्र पेटीत टाकणार तेवढ्यात चर्चच्या हॉलमध्ये गल्लीतल्यांना सिनेमा आधी दाखवणार असल्याचा निरोप आला. जाऊन आले. वन्सं, मैत्रिणींना बोलावू नका. पायरी दिसते, पण तिच्यावर ओणवी झालेल्या माझी फक्त मागची बाजू दिसते, आणि ती पडद्यावर मावत नाही. तिच्या वर, शेजारच्या खिडकीच्या पडद्याआडून डोळे बारीक करून बघणारा एनिडचा चेहरा मात्र अख्खा दिसतो, अगदी नाकावरच्या मसासकट. हॉलभर हशा पिकला. सगळ्यांत मोठं हसणं माझ्या मागच्या रांगेतून येत होतं, आणि ते थांबता थांबेना. ते हसणं मी चाळीस वर्षं भिंतीतून ऐकलेलं आहे. मग मलाही हसू आवरेना आणि कवळीची शीळ वाजली.

तिसरी आणि शेवटची ता. क. (गुरुवार) : फोन करू नका. आज सकाळी बादली घेऊन पुढचं दार उघडलं तर पायरी कुणीतरी आधीच लख्ख घासून ठेवलेली. फक्त डावा कोपरा मुद्दाम काळा करून ठेवलेला. एवढासाच. मी बादली खाली ठेवून बघत उभी राहिले, तेवढ्यात भिंतीवर दोन ठोके पडले.

कोपरा मी तसाच ठेवला आहे. सासूबाईंचा फोटो तेवढा भिंतीकडे तोंड करून लावला.