रिकाम्या रकान्यांची साफसफाई

३ जानेवारी
बायोटेकला रामराम. माझ्या हातातले जिवाणू पटापट मरतात, यात माझा काही दोष नाही. लॅबच सुमार आहे. आता डेटा सायन्स. त्यातही आरोग्यातली समता. गरिबातल्या गरिबापर्यंत उपचार पोचवणार.

१९ जानेवारी
मावशीला समता समजावली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे निमूट ऐकते. ऐकून म्हणाली, छातीत हाताला गाठ लागतेय, कुठे दाखवू? सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला सांगितलं. माझा प्रोजेक्ट तिथलाच. तपासणीला आधी कोणाला बोलवायचं, ते माझं मॉडेल ठरवणार. तिच्यासाठी वशिला लावणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ फेब्रुवारी, दुपार
डेटा कसला, उकिरडा आहे. कोणाचं वय नाही, कोणाचा फोन नंबर नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, एकेकाला गाठून रकाने भरून घे. मी काय पोस्टमन आहे? अर्धवट ओळी सरसकट उडवल्या. आता मॉडेल सुसाट पळतंय.

२० फेब्रुवारी
अचूकता चौऱ्याण्णव टक्के. दवाखान्याने यादी वापरायला घेतली. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, उडवलेल्या माणसांचं काय? पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, म्हटलं. बाई माझ्यावर जळतात.

११ मार्च
मावशीचं एकच टुमणं, बोलावणं कधी येणार. शेवटी तिला कळेल असं सांगितलं: धोका असेल त्यालाच बोलावतात. तुला बोलावलं नाही, म्हणजे तुला काही नाही. तिचा चेहरा खुलला. विज्ञान घरोघरी पोचवणं म्हणतात ते हेच.

२ जुलै
मावशी भरती. गाठ पसरलीय. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मॉडेल चुकणं शक्यच नव्हतं, म्हणून मावशीलाच विचारलं. तर म्हणे, जन्मतारीख कोणाला ठाऊक, नाव नोंदवताना क्लार्कने वयाचा रकाना तसाच सोडला. बघा. लोक माहिती नीट देत नाहीत आणि मग समता कुठाय म्हणून विचारतात.

३ जुलै
मावशी ऑपरेशनला तयार नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, डॉक्टरांना काय कळतंय, आमच्या मुलाच्या कॉम्प्युटरने मला काही नाही म्हणून सांगितलंय. मला म्हणाली, चल घरी. डॉक्टर म्हणतात, तुमचंच ऐकतील त्या, समजवा. पण समजवायचं तर माझं मॉडेल चुकलं, असं म्हणावं लागेल. उद्या बघतो.