माझ्याच हातची कार्डे

२१ जून १९५९

ट्रेनिंग कॉलेजात आज सहावा दिवस. रेवाला कळसाडीला सासूबाईंजवळ सोडून आले — दीड वर्षाची पोर! वसतिगृहात मूल चालत नाही. हे गेल्यावर सासऱ्यांनी कसेबसे शिकायला धाडले, तेही बजावून — "सुटी नसतांना घर उनी तं परत जावानं नाव काढू नको." म्हणजे आता घरी जायचे ते दिवाळीच्या सुटीतच!

सासूबाईंना अक्षर येत नाही. मीच निघताना माझ्या पत्त्याची कार्डे लिहून दिली : 'रेवा बरी आहे. काळजी नसावी.' महिन्याला एक पेटीत टाकायचे. मजकूर लिहून घ्यायला कोणाचे पाय धरायला नकोत.

१९ जुलै

कार्ड आले! अक्षर माझे, मजकूर माझा, तरी ऊर भरून आला. शेजारच्या खाटेवरची कमलीबाई हसते — "आपलंच लिखानं नि आपलंच रडानं!"

३ ऑगस्ट

टकळीवर सूत सारखे तुटते. पाठाच्या टाचणावर तांबड्या रेघा. घरी जावेसे वाटते.

२३ ऑगस्ट

कार्ड आले. उशीखाली ठेवले.

१४ सप्टेंबर

पहिलीवर पाठ. पुढच्या बाकावरच्या पोरीने माझ्या पदराला हात पुसले, आणि मी त्याच पदराने डोळे पुसले. प्रमिलाबाई मागे बसून पाठ तपासत होत्या. म्हणाल्या, "फळ्यासमोर डोळे पुसायचे नसतात, बाई."

रेवा आता बोलू लागली असेल. आई कोणाला म्हणते?

२७ सप्टेंबर

पुन्हा कार्ड. सासूबाई नेमाच्या पक्क्या! तांबड्या छिटाचे झबले शिवले. जरा मोठेच बेतले, पोर वाढली असणार.

२८ ऑक्टोबर, कळसाडी

रेवा नाही. राखीपुनवेच्या आदल्या दिवशीच गेली; त्यानंतरही दोन कार्डे आली. गोवर.

सगळ्या गावाला ठाऊक. मी सासूबाईंना नाही नाही ते बोलले. हडळ म्हटले. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आणून ठेवला.

८ नोव्हेंबर

दहा दिवस त्यांच्याशी अबोला. आज बघते तो माझी ट्रंक त्याच भरत होत्या. लुगड्याची घडी घालता घालता, ओसरीवरच्या सासऱ्यांकडे मान करून हळूच म्हणाल्या, "पोर तं गयी, माय. तुले कळतं तं तू येती, नि यास्नी तुले परत जाऊ दिधं नसतं. माले पोर नि तू, दोन्हीबी गमावानी नव्हत्यात."

उद्याच्या मोटारीने जाते.