भरीत-पुरीवर मिटवलेली तक्रार

जळगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या झुलालचा नमस्कार (कंबरेला पट्टा आहे म्हणून मनानेच वाकलो आहे, समजून घे). दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी साखर कशी आहे? धुळ्याला थंडी जास्त असेल तर सकाळचं फिरणं बंद ठेव. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. माझा अपमान झाला आहे, अक्का, आणि तोही लेखी.

तुला ठाऊकच आहे, आमची संस्था चाळीस देशांत गोरगरिबांचं काम करते आणि मुख्य ऑफिस परदेशात आहे. तिथून हुकूम आला की प्रत्येक ऑफिसात वागणुकीच्या तक्रारी हाताळायला एक जबाबदार माणूस नेमा. आमच्या जळगावच्या ऑफिसात माणसं चौदा. त्यांत वयाने मोठा आणि भांडणं मिटवण्यात हात बसलेला कोण, तर मी. कॉम्प्युटरवर बारा धडे पुरे केले (मी चहाला गेलो तरी धडा आपला आपण पुढे सरकायचा, फार चांगली सोय होती), प्रमाणपत्र मिळालं, ते फ्रेम करून खुर्चीमागे लावलं. पुढे दोन वर्षं कोणी तक्रारच करेना. मला तर वाटायला लागलं की लोक मुद्दाम गुण्यागोविंदाने राहतायत.

शेवटी गेल्या महिन्यात एक आली. रत्ना म्हणून चाळीसगावकडची मुलगी आहे, गावोगाव फिरून बायकांच्या बैठका घेते, कामाला वाघ. तिने तिच्या वरच्या साहेबाविरुद्ध, म्हणजे आमच्या अमृतविरुद्ध, तक्रार केली. ईमेलमध्ये दोघांची नावं आणि खाली एक फाइल, तिला पासवर्डचं कुलूप. पासवर्ड म्हणे मोबाइलवर वेगळा पाठवला होता. मला बँकेच्या नावाने चोरांचे दिवसाला दहा मेसेज येतात, त्यांच्याबरोबर तोही पुसला गेला. आणि दुसऱ्याने कुलूप लावून ठेवलेलं आपण उघडू नये, हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेलं आहे. कोणाचं कोणाशी बिनसलं एवढं कळलं, मग मिटवायला आणखी काय लागतं?

मी प्रकरण आपल्या पद्धतीने हाती घेतलं. पाचोरा रस्त्याला माझ्या ओळखीच्या भिकनच्या मळ्यात ऑफिसची भरीत पार्टी ठेवली. हिरवी वांगी मी स्वतः एकेक दाबून निवडली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत ठेचून घेतली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. (मिरची जरा जास्त झाली, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.) नेमक्या त्याच दिवशी संस्थेच्या दिल्ली ऑफिसातून चेलना मॅडम तपासणीला आल्या होत्या, म्हटलं त्यांनाही बघू दे खानदेशात कसं काम चालतं. रत्ना आणि अमृतला शेजारी-शेजारी बसवलं, अमृतच्या हाताने तिच्या पानात भरीत वाढायला लावलं, आणि मग उभं राहून जाहीर केलं की रत्नाने अमृतविरुद्ध केलेली तक्रार आज या पंगतीत मिटली आहे, सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात. टाळ्या वाजल्या. भिकनच्या सालदारांनीसुद्धा वाजवल्या. चेलना मॅडमनी मात्र हातातली पुरी खाली ठेवली.

आणि रत्ना भरल्या पानावरून उठली. जाताना माझ्यापाशी थांबली, आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, मी तक्रार दिधी ती भूक लागनी म्हनीसन नई." तशीच रस्त्यावर गेली आणि चाळीसगावची बस धरली. आज नऊ दिवस झाले. राजीनामा पाठवून दिलाय, मॅडमनी तो सोमवारपर्यंत अडवून धरलाय. एवढ्या मायेने वाढलेलं पान टाकून जायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

पण दोषी कोण ठरलं, तर मी. चेलना मॅडमचं दोन पानी पत्र आलं आहे. गोपनीयतेचा भंग केला, तक्रार करणारीला न विचारता समोरासमोर बसवलं, चौकशी केलीच नाही. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर ही जबाबदारी काढून घेऊ. गोपनीयता म्हणे. अगं, या ऑफिसात कोणाच्या डब्यात काय भाजी आहे ते झाकण उघडायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं. तीस वर्षांत मी वाटण्या मिटवल्या, बांध मिटवले, दोन मोडायला आलेली लग्नं सावरली, तेव्हा कोणी मला पासवर्ड मागितला नव्हता. ऑफिसात आता कोणी माझ्याशी धड बोलत नाही. एक अमृत तेवढा माझ्यावर खूश आहे, रोज न चुकता माझ्यासाठी चहा सांगतो.

मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार. कळावे,

तुझा अन्यायग्रस्त भाऊ,
झुलाल

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. खुलाशाबरोबर अनुभवाचा दाखला जोडावा म्हणतो, तो तू दे. लग्नाच्या चौथ्या वर्षी तू पिशवी घेऊन एकटीच माहेरी आली होतीस, आठवतं? आबांनी तुझ्या सासरच्यांना बोलावलं, आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, मी पळत जाऊन तूप आणलं, सगळे पोटभर जेवले आणि संध्याकाळच्या बसने तू परत गेलीस. त्यानंतर चौतीस वर्षांत तुझी एक तक्रार नाही. एवढंच अर्धं पान लिही आणि खाली दाजींची सही घे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी खुलाशाचा फॉर्म भरायला घेतला. पहिलाच रकाना आहे, "तक्रार काय होती?" तो मला भरता येईना. म्हटलं, तोवर तुझं प्रकरण नमुना म्हणून लिहून ठेवू. तिथेही पहिला रकाना तोच. अर्धा तास पेन धरून बसलो, अक्का. आबांनी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, मी तर तूप आणायला गेलो होतो.

चेलना मॅडमना आत्ताच कळवलं की चूक माझी आहे, रत्नाचा राजीनामा घेऊ नका, तिची फाइल उघडून वाचेल अशा माणसाकडे द्या. तो दाखला लिहू नकोस. हे पत्र मिळालं की दुपारी दाजी झोपल्यावर फोन कर, आणि तू का आली होतीस ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.