तोल सांभाळण्यापुरता हात

३ जून
हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं : पंप कमजोर आहे. दोन डायलिसिसच्या मधे जे वजन वाढतं ते पाणीच, आणि त्याचा भार हृदयावर. पंधरवडाभर ताब्यात ठेवलंत तर लेकीला हॉस्टेलवर सोडायला खुशाल जा, नाहीतर बायकोला पाठवा. निश्चय : पाणी मोजूनमापून. माझ्यासारख्या काटेकोर माणसाला अवघड ते काय?

४ जून, दुपार
पाणी जवळजवळ नाहीच. बर्फ चघळला. बर्फ काही कोणी पीत नाही. बायको म्हणाली, कलिंगड म्हणजे सालीत भरलेलं पाणी. मी म्हटलं, ते फळांत मोडतं. वाद वाढू नये म्हणून संपवून टाकलं.

५ जून
डायलिसिस. वजनकाट्यावर तोल गेल्यासारखा वाटला, भिंतीला तळहात टेकला. वजन चक्क आटोक्यात! सिस्टर म्हणाल्या, शाब्बास काका. मशीनवर पाणीही कमी काढावं लागलं. याला फसवणूक म्हणावं का? प्रामाणिकपणे विचार केला. पण पडलो असतो तर?

१० जून
तोल अजून सावरलेला नाही. आता दोन्ही हात टेकतो. बायकोनं विचारलं, वजन उतरतंय तर बुटात पाय का मावत नाहीत? चामडं आटतं, असं सांगितलं. तिला पटलेलं दिसलं. निदान ती गप्प बसली.

१३ जून, सकाळ
आडवं झालं की दम लागतो. उशी बसकी झाली असणार. तीन घेतल्या, शेवटी खुर्चीतच झोपलो. गादीवाल्याला बोलावणं भाग आहे.

१६ जून, पहाट
निघायचा दिवस. लेकीनं विचारलं, "बाबा, नक्की झेपेल ना?" मी ऐटीत तिची बॅग उचलली आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर पायरीवर बसलो. म्हटलं, जरा हवा खातोय. तिनं हॉस्पिटलला फोन लावला.

१७ जून
फुप्फुसांत पाणी. कालपासून ऑक्सिजन, आज पुन्हा जादा डायलिसिस. सिस्टरनी काट्यावर दोन्ही हात वर करायला लावले, चोराला लावतात तसे. आकडा वाचून या वेळी ‘शाब्बास काका’ म्हणाल्या नाहीत.

मायलेकी काल दुपारच्या गाडीनं गेल्या. संध्याकाळी लेकीचा फोन. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी चढून येतो बघ.

"नको," ती म्हणाली. "तू आलास की मीच खाली येईन."