रुसलेला कॉम्प्युटर

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

शाहीनआपांचा तंत्रज्ञानावरचा कॉलम आज बंद झाला. संपादकांनी ती जागा कोचिंग क्लासच्या जाहिरातीला दिली. माझं डोकं अजून तापलेलं आहे. आपांचं कसं तापत नाही?

भूकंपानंतर फोन बंद पडले होते, तेव्हा त्यांनी पहिला लेख लिहिला होता. ‘फोन मेला नाही, रुसलाय’ म्हणत एक्स्चेंज, तारा, सगळं समजावलं होतं. अहमदपूरच्या आमच्या मावशीलाही ते कळलं! पुढं कॉम्प्युटर आले, मोबाईल आले. आपांच्या लेखात सगळे रुसायचेच. ‘हँग’ त्यांनी कधी लिहिलं नाही. यंत्राबद्दल इतक्या मायेनं कोण लिहितं? मला तर जन्मात जमलं नसतं.

दुपारी त्या जाहिरातीचं प्रूफ आलं. मी चिडून ते आपांच्या टेबलावर आपटलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, “ऑनलाइन सराव परिक्षा. कॉम्प्युटर रुसला तर वेळ वाढवून मिळेल.”

आपा लई हसल्या. “अहो, हे तर माझंच छापायलेत की!”

मग माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि ‘परिक्षा’तली वेलांटी दीर्घ केली.